बोली लागली, पैसे अडले

मूळ गोंद असलेलं जुनं टपाल तिकीट पावसाळ्यात सांभाळणं किती नाजूक काम असतं, ते संग्राहकांना वेगळं सांगायला नको. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या गांधीजींच्या चार तिकिटांतलं बारा आण्यांचं एक कोरं तिकीट मी एका जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिलावात विकलं. अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी, म्हणजे हिंज, कधी न लागलेलं, मागचा गोंद शाबूत. बोली १,८५० रुपयांवर थांबली. जिंकणाऱ्याचा लगेच निरोप आला, "दादा, उद्या पेमेंट करतो." ते उद्या तेवीस दिवस चाललं. तिकीट मी त्याच्यासाठी पाकिटात घालून कपाटात बाजूला ठेवलं होतं. तेविसाव्या दिवशी काढलं तेव्हा हवेतल्या ओलाव्याने त्याचा एक कोपरा पाकिटाला चिकटला होता. अलगद सोडवलं तरी नखाएवढा गोंद निघालाच, आणि त्याबरोबर निम्मी किंमतही. १,८०० पर्यंत बोली लावणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने तोवर तेच तिकीट दुसरीकडून घेतलं होतं.

पैसे अडवणाऱ्या त्या गिऱ्हाइकावर मी बरेच दिवस चिडून होतो. मग एकदा माझाच लॉट पुन्हा उघडून पाहिला. फोटो होते, वर्णन होतं, बेस प्राइस होती, लिलाव संपण्याची वेळ होती. पैसे कधीपर्यंत द्यायचे, हे मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं. तारीख ठरलेलीच नसेल, तर समोरच्याने ती मोडली असं तरी कसं म्हणायचं? नाणी, नोटा, तिकिटं, जुनी पुस्तकं, ध्वनिमुद्रिका असं काहीही ऑनलाइन लिलावात विकणाऱ्याने पहिलं काम करायचं ते हे. लॉट टाकतानाच, बेस प्राइसच्या खालच्या ओळीत, पैसे देण्याचा दिवस आणि वेळ लिहायची. "४८ तासांत" असं लिहू नका. तास कुठून मोजायचे यावरच वाद होतो. "लिलाव रविवारी रात्री ९ वाजता संपेल. पैसे मंगळवारी रात्री ९ पर्यंत. तोवर न आल्यास लॉट दुसऱ्या बोलीदाराला दिला जाईल." एवढ्या तीन वाक्यांनी माझ्याकडचा बराचसा तगादा संपला. ही अट प्रत्येक लॉटखाली हवी. ग्रुपच्या नियमांत कुठेतरी वर लिहिली आहे, एवढ्यावर भागत नाही, कारण ते नियम कोणी उघडून बघत नाही.

दुसरं काम लिलाव संपल्यावर तासाभराच्या आत करायचं. जिंकणाऱ्याला पूर्ण हिशेब पाठवायचा. माझा निरोप साधारण असा असतो: "नमस्कार. लॉट क्र. १४, गांधी १९४८ बारा आणे, तुमची बोली १,८५० रुपये. टपाल आणि पॅकिंग ८० रुपये. एकूण १,९३० रुपये. मंगळवारी रात्री ९ पर्यंत खालील खात्यावर पाठवावेत. पैसे पाठवल्यावर यूटीआर क्रमांक, पूर्ण पत्ता आणि पिनकोड कळवावा. पार्सल बुधवारी दुपारी टपालात पडेल." शेवटचं वाक्य गाळू नका. आपण पैसे कधी द्यायचे हे गिऱ्हाइकाला कळतं, तसं माल कधी निघणार हेही त्याला कळायला हवं. पैसे घेऊन दहा दहा दिवस पार्सल न पाठवणारे विक्रेते मी पाहिले आहेत. एकदा असा अनुभव आलेला माणूस पुढच्या प्रत्येक विक्रेत्याला पैसे देताना हात आखडता घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

उशिराचं कारण पुष्कळदा आपल्याच बाजूला असतं. एका गिऱ्हाइकाने तीन लॉट जिंकलेले असतात आणि तिन्हीचं टपाल मिळून किती होतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तो आकड्याची वाट बघत असतो आणि आपण पैशांची. कोणी दोन दिवसांनी संपणाऱ्या आणखी एका लॉटवर बोली लावून बसलेला असतो, म्हणजे सगळं एकाच पार्सलमध्ये मागवता येईल. अशाला आपणच विचारावं, "सगळं एकत्र पाठवू का? मग आतापर्यंतच्या लॉटचे पैसे आज द्या, पार्सल गुरुवारी करतो." पैसे वेळेवर आणि पार्सल एकत्र, याला नाही म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

उशीर करणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. माझे एक जुने गिऱ्हाईक शाळेत शिक्षक आहेत. महिन्याच्या वीस-बावीस तारखेला हौसेने बोली लावायचे आणि पैसे द्यायचे पुढच्या महिन्याच्या चार-पाच तारखेला. दर वेळी संकोचाने काहीतरी कारण सांगायचे. शेवटी मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, "सर, पगार झाल्यावर देत जा, पण बोली लावण्याआधी मला तसं कळवा आणि तारीख सांगा." तेव्हापासून ते आधी कळवतात, पाच तारीख म्हणतात आणि चारलाच पैसे येतात. त्यांना उशिराने देणारा म्हणता येणार नाही. त्यांची तारीख फक्त वेगळी आहे. अशा माणसाला नियमाच्या काठीने हाकललं, तर चांगलं गिऱ्हाईक आपण आपल्या हाताने घालवतो.

दुसरा प्रकार हौशी नवख्यांचा. लिलाव रंगला की चुरशीत हात पुढे जातो, आणि सकाळी घरात हिशेब मांडल्यावर जीव धसकतो. हे लोक नाही म्हणत नाहीत, फोन उचलायचं बंद करतात. त्यांच्यासाठी माझ्या पहिल्या आठवणीच्या निरोपात एक वाक्य ठरलेलं असतं: "घ्यायचं नसेल तर आजच मोकळेपणी सांगा, मी दुसऱ्यांना विचारतो." यात मी काही गमावत नाही. चौथ्या दिवशी मिळणारा नकार मला दुसऱ्याच दिवशी मिळतो आणि दुसरा बोलीदार अजून तापलेला असतो. असा नकार आला की मी राग धरत नाही, मात्र वहीत नोंद करतो.

तिसरा प्रकार चांदीच्या नाण्यांत भेटतो, आणि याबाबत मला कळकळीने सावध करायचं आहे. १९६९ सालचं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं घ्या. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. या नाण्याचा भाव चांदीबरोबर रोज हलतो. बोली जिंकून आठवडाभर पैसे अडवून धरणारा माणूस तेवढे दिवस चांदीचा भाव बघत असतो. वर गेला की तातडीने पैसे पाठवतो आणि खाली आला की घरात आजारपण निघतं. जोखीम सगळी आपली आणि फायदा झाला तर त्याचा. म्हणून चांदीच्या लॉटला मी दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंतचीच मुदत देतो, आणि त्यात ओळखीच्या माणसालाही सवलत नाही.

आता तगाद्याचं. मंगळवार रात्रीची मुदत असेल, तर मंगळवारी सकाळी एक आठवण. बुधवारी सकाळपर्यंत पैसे नसतील तर निरोप नको, फोन. आवाजातून जे कळतं ते अक्षरांतून कळत नाही. फोनवर मी कधीही "पैसे का दिले नाहीत?" असं विचारत नाही, "कुठल्या तारखेला जमेल?" असं विचारतो. का विचारलं की कारण मिळतं, आणि कारणांना तोटा नाही. तारीख विचारली की वायदा मिळतो आणि तो लिहून घेता येतो. फोन ठेवल्या ठेवल्या मी निरोप टाकतो, "आत्ता बोलल्याप्रमाणे, शुक्रवार, रात्री ९." मुदतवाढ एकदाच. दुसऱ्यांदा मागितली तर काही रक्कम आगाऊ मागायची, निदान चौथा हिस्सा. ज्याला खरंच घ्यायचं आहे तो तेवढं लगेच देतो. पुढे व्यवहार फिसकटलाच तर ती आगाऊ रक्कम मी परत करतो. ठेवून घेणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही, पण ठेवायची असेल तर तसं लॉटखाली आधी लिहिलेलं हवं.

पैसे पूर्ण आल्याशिवाय लॉट हलवायचा नाही. "तुम्ही पाठवून द्या, मिळालं की करतो" याला उत्तर एकच, नाही. उधारीचं पोतं सव्वा हात रितं हे आपल्याकडचे दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. त्यांचं गिऱ्हाईक तर त्याच गल्लीत राहत असे. आपलं गिऱ्हाईक सातशे किलोमीटरवर असतं आणि आपल्याकडे त्याचा फक्त मोबाइल नंबर असतो.

कायदा इथे विक्रेत्याच्या बाजूने बरंच काही देतो, पण तो वापरायची एक रीत आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे उधारीवर ठरलेलं नसेल, तर पूर्ण पैसे मिळेपर्यंत ताब्यातला माल अडवून ठेवण्याचा हक्क विक्रेत्याला आहे. पुढची पायरी म्हणजे तोच माल दुसऱ्याला विकणं. याविषयी कलम ५४ आहे आणि ते प्रत्येक लिलाव करणाऱ्याने समजून घ्यावं. माल पुन्हा विकणार असल्याची सूचना आधी द्यायची आणि वाजवी वेळ थांबायचं. तरी पैसे आले नाहीत तर माल विकता येतो, कमी किंमत आली तर फरक पहिल्या खरेदीदाराकडे मागता येतो आणि जास्त आली तर तो वरचा पैसा आपला. सूचना न देताच विकला, तर नुकसानभरपाई मागता येत नाही, उलट जास्त आलेल्या पैशांवर पहिला खरेदीदार हक्क सांगू शकतो. नाशवंत मालाला सूचनेची अट नाही, पण आपलं नाणं किंवा पुस्तक त्यात बसत नाही. म्हणून बुधवारच्या फोननंतरचा माझा निरोप ठरलेला आहे: "शुक्रवार रात्री ९ पर्यंत १,९३० रुपये न आल्यास लॉट क्र. १४ ची पुनर्विक्री केली जाईल, ही सूचना." शब्द कोरडे वाटतात, पण त्यात शिवी नाही, धमकी नाही, आणि उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद आहे. रक्कम मोठी असेल तर मी दोन दिवसांऐवजी आठवडा देतो.

त्याच कायद्याच्या कलम ६४ मध्ये लिलावाचे नियम आहेत. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते आणि हातोडा पडला की विक्री पक्की. ऑनलाइन लिलावात हातोडा म्हणजे काय, हे आपणच लिहून ठेवावं: ठरलेली वेळ संपली की लॉट पक्का, किंवा विक्रेत्याने "सोल्ड" लिहिलं की पक्का. आणखी एक. विक्रेत्याने स्वतःसाठी बोलीचा हक्क जाहीरपणे राखून ठेवलेला नसेल आणि मित्राच्या नंबरवरून भाव चढवला असेल, तर खरेदीदार ती विक्री फसवणूक मानून नाकारू शकतो. भाव असा फुगवला असेल, तर पैसे थकवणाऱ्याकडे बोट दाखवायला आपल्याला तोंड उरत नाही.

हजार-दोन हजारांसाठी मात्र कोर्टाची पायरी चढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माल आपल्या हातात आहे, तो विकावा आणि पुढे जावं.

पुढे जायचं म्हणजे दुसऱ्या बोलीदाराकडे. त्याला कोणत्या भावाने विचारायचं यात पुष्कळ विक्रेते चुकतात. जिंकलेल्या भावाने, १,८५० ला, विचारणं तर गैरच, कारण त्याने तेवढी बोली लावलेलीच नाही. त्याच्या स्वतःच्या शेवटच्या बोलीने, १,८०० ला, विचारणं रीतीला धरून आहे. पण जरा मागे जाऊन बोल्या बघा. तिसरा माणूस १,२०० ला थांबला होता. त्यानंतरची सगळी चढाओढ या दोघांत झाली, आणि त्यातला एक पैसेच देणार नव्हता. तो नसता तर दुसऱ्याला हा लॉट १,२५० ला मिळाला असता. हे त्या दुसऱ्या माणसालाही दिसतं. म्हणूनच तो बऱ्याचदा "आता नको" म्हणतो, आपणच कोणाला तरी उभं करून भाव चढवला अशी शंका त्याच्या मनात येते. मी त्याला खरं काय झालं ते सांगतो आणि दोन्हींच्या मधला भाव सुचवतो, १,५०० च्या आसपास. तिकिटाची बाजारातली किंमत तेवढी असेल तर तो घेतो, आणि पुढच्या लिलावात निर्धास्तपणे बोली लावतो. नाहीच म्हणाला तर लॉट महिनाभर बाजूला ठेवतो. लगेच पुढच्या रविवारी तोच लॉट टाकला की लोकांना त्याचा वास येतो.

पैसे आले असं वाटणं आणि येणं यातही अंतर आहे. उशीर करणारा माणूस अखेर स्क्रीनशॉट पाठवतो तेव्हा आपण इतके सुटल्यासारखे होतो की खातं बघायचंच राहून जातं. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात रक्कम जमा दिसली पाहिजे आणि यूटीआर क्रमांक जुळला पाहिजे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. "चुकून जास्त गेले, वरचे परत करा" असा निरोप आला तर आधी जमा झालेली रक्कम तपासा. आणि पैसे बोलीदाराच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच घ्या. "भावाच्या अकाउंटवरून पाठवतो" यात शंभरातल्या नव्वद वेळा भाऊच असतो, पण फसवणुकीतून आलेले पैसे तुमच्या खात्यात उतरले, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्या खात्यातली रक्कम रोखू शकते, आणि ती सोडवताना चपला झिजतात. फसगत झालीच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून शुल्क किंवा कमिशन मागितलं जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. लाखांत भाव देतो म्हणणारा, पण आधी "नोंदणी शुल्क" मागणारा खरेदीदार उशिरा पैसे देणाऱ्यांत मोडतच नाही. त्याला पैसे द्यायचेच नसतात.

ईबेची भारतातली साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, तरी इथे बसून परदेशातल्या गिऱ्हाइकांना ईबेवर विकणारे आपल्यात आहेत. तिथली शिस्त बरीचशी आखून दिलेली आहे. लिलाव जिंकल्यावर खरेदीदाराने चार दिवसांत पैसे दिले नाहीत, तर विक्रेता ऑर्डर रद्द करू शकतो. रद्द करताना कारण मात्र "खरेदीदाराने पैसे दिले नाहीत" हेच निवडा. घाईत "माल संपला" निवडलं तर ठपका आपल्यावर बसतो. हे रद्द करणं आपोआप व्हावं अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू ठेवा. पैसे न देण्याचा इतिहास असलेल्यांना बोली लावण्यापासून रोखण्याचीही सोय आहे. हरलेल्या बोलीदाराला त्याच्या बोलीच्या भावाने पुन्हा विचारता येतं. खरेदीदाराला वाईट शेरा देण्याचा हक्क मात्र विक्रेत्यांकडे २००८ पासून नाही, तेव्हा त्या मार्गाने राग काढायचा विचार सोडा. आणि परदेशात विकण्याआधी वस्तूचं वय बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची नाणी येतात, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, आणि अशा वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. देशातही त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. पैसे अडले म्हणून तक्रार करायला जाणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार आधी स्वच्छ असायला हवा.

ग्रुपवर नाव, फोटो आणि नंबर टाकून पैसे थकवणाऱ्याची बदनामी करण्याची रीत पडली आहे. ती मला अजिबात पटत नाही. अ‍ॅडमिनला पुराव्यासकट खाजगीत कळवावं, त्याने त्या नंबरला बोली बंद करावी, एवढं पुरेसं आहे. चव्हाट्यावर आणलेला माणूस खरंच दवाखान्यात होता असं नंतर कळलं, तर शब्द परत घेता येत नाहीत, आणि बदनामीचा दावा होऊ शकतो तो वेगळाच. शिवाय पलीकडे कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं. एकदा सतत वायदे मोडणाऱ्या नंबरवर फोन केला, तर उचलला आईने. बोली लावणारा मुलगा नववीत होता. अठराच्या खालच्या मुलाशी केलेला करार कायद्याने बांधतच नाही. मी आईला म्हटलं, ताई, पैशांचं सोडा, त्याला रागावू नका, नाण्यांची आवड चांगली आहे. नंतर त्या मुलाला १९५७ च्या नव्या पैशांचा एक छोटा संच भेट म्हणून पाठवला.

बारा आण्याच्या तिकिटाचा तो खरेदीदार मला दीड वर्षाने पुन्हा दिसला. दुसऱ्या एका लॉटवर त्याने बोली लावली होती. वहीत त्याच्या नंबरापुढे तेवीस दिवस लिहिलेले होते. मी त्याला खाजगीत कळवलं, "तुमची बोली घेईन, पण आधी पाचशे रुपये जमा करा. लॉट तुम्हाला गेला नाही तर त्याच रात्री परत करीन." बराच वेळ उत्तर आलं नाही. मग "सॉरी दादा, तेव्हा नोकरी गेली होती" असा एक निरोप आला आणि मागोमाग पाचशे रुपये. लॉट त्याला गेला. बाकीचे पैसे त्याने लिलाव संपल्यावर दहा मिनिटांत पाठवले, आणि पार्सल मी सकाळी टपाल कार्यालय उघडताच नेऊन दिलं.